काटा स्थिरावण्याचा नियम

औषधाच्या खोक्यात घडी घातलेली एक चिठ्ठी असते. एकदा उघडली की ती घडी पुन्हा जन्मात बसत नाही, तीच. ती चिठ्ठी छापण्याआधी वाचणं हे माझं काम. सगळ्या जगात ती शेवटपर्यंत वाचणारी माणसं बहुधा दोनच, एक मी आणि दुसऱ्या आमच्या छापखान्यातल्या बाई. त्या पूर्वी शाळेत शिकवायच्या, म्हणून मालकापासून सगळे त्यांना बाईच म्हणतात. आधी मी वाचून सही करते, मग बाई वाचून सही करतात, आणि दोन सह्या झाल्याशिवाय यंत्र सुरू होत नाही. मी शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून वर वर जाते. वरच्या ओळी सगळेच नीट लावतात. चुका तळाशी दडून बसतात, कारण तिथवर पोचेपर्यंत लावणारा कंटाळलेला असतो.

आमचे हे वजनकाटे तपासायचे. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यात बाळं ठेवतात तेसुद्धा. पितळी वजनांची पेटी घेऊन दारोदार हिंडायचे आणि काटा बरोबर निघाला की त्यावर चिठ्ठी चिकटवायचे. त्या चिठ्ठीवरही दोन सह्या, एक तपासणाऱ्याची आणि एक पडताळणाऱ्याची. तेव्हा आमचं घर कसं असेल ते ओळखा. बाहेर जाताना कुलूप मी लावायचं आणि ओढून ह्यांनी बघायचं. मूलबाळ नाही, नाहीतर त्याच्या प्रगतिपुस्तकावर दोघांच्या सह्या आणि खाली तारीख पडली असती.

मग काटे स्वतःच स्वतःला तपासू लागले. कंपनीने ह्यांचा विभाग बंद केला, एकरकमी पैसे दिले, खांद्यावर हात ठेवला आणि घरी पाठवलं. छप्पन्नाव्या वर्षी. पहिले तीन महिने ह्यांनी घरच तपासलं. मी दमूनभागून आले की दारातच सांगायचे, आज शेगडी डावीकडे किती उतरती आहे ते. माझा स्वभाव मुळात तिखट. मी म्हणायचे, "उतरू दे ना. शेगडी आहे, विमान आहे का?" ते वळून आत जायचे, आणि मग मला उगाच वाईट वाटायचं.

एक दिवस आले तर हे संगणकासमोर. कानाला हेडफोन, पुढ्यात कोरी वही, पहिल्या पानावर अधोरेखित शीर्षक: शेअर बाजार, धडा पहिला.

"फुकट आहे गं सगळं," ते म्हणाले. आवाजात अशी भक्ती की मला हसूच आलं.

पण खरंच होतं. बारा धड्यांचा एक अभ्यासक्रम होता, प्रत्येक धड्यानंतर परीक्षा होती, शेवटी प्रमाणपत्र होतं. शब्दकोश होता. एक हसरे सर होते, ते रोज सकाळी वीस मिनिटं व्हिडिओत येऊन कालचा बाजार समजावून सांगत आणि वाईट बातमी सांगतानाही हसत. नवशिक्यांसाठी चर्चेचं एक पान होतं, तिथे लोक एकमेकांना मदत करायचे आणि मधूनच एकमेकांची अक्कल काढायचे. धडे वाईट नव्हते, हे मला आज रागातही कबूल करावं लागतं. ज्याने कोणी लिहिले होते त्याने मन लावून लिहिले होते. मला दोन-तीन ठिकाणीच खटकलं.

ह्यांनी बाराही धडे केले. मग पुन्हा पहिल्यापासून केले. प्रमाणपत्र मी छापखान्यातून छापून आणलं, चांगल्या जाड कागदावर. भांडी घासताना हे शेजारी उभे राहून मला समजवायचे की शेअर म्हणजे कंपनीतला बारीकसा वाटा, आणि त्याचा भाव म्हणजे लोकांना त्या घटकेला जे वाटतं ते. "वाटण्याला वजन असतं का?" मी विचारलं. ते म्हणाले, "तेच तर मोजतात तिथे." तीन महिन्यांनी पहिल्यांदा माणूस ताठ उभा राहून बोलत होता. त्यामुळे मीही चिमटे कमी काढले.

दहाव्या धड्यात सरावाचं खातं मिळालं. त्यात पैसे लुटुपुटूचे, पण कंपन्या खऱ्या, भाव खरे. तेही फुकट. हे म्हणाले, अशीच शिस्त हवी, काट्यावर माणूस उभा करण्याआधी वाळूची पोती ठेवून बघतात तशी. आणि खरोखर दीड वर्षं ह्यांनी खऱ्या पैशाला हात लावला नाही. सकाळी बाजार उघडला की एकीकडे टीव्हीवर बाजाराच्या बातम्यांची वाहिनी, तिच्या तळाशी पळणारे भाव, आणि दुसरीकडे संगणकावर सरावाचं पान. मी कामावर असायचे. हे सगळं मला संध्याकाळी वहीतून कळायचं.

वहीत एक दिवस लाल शाईने चौकट आली. ह्यांना शोध लागला होता.

"टीव्हीवरचा भाव आणि आपल्या पानावरचा भाव सारखा नसतो," ते म्हणाले. "टीव्हीवरचा आधी हलतो. आपला मागाहून तिथेच येतो."

"असं का?"

"दोन काटे एकाच वजनाला कधी एकदम स्थिरावत नाहीत. मोठा आधी स्थिरावतो, कारण त्यावर मोठे व्यापारी उभे आहेत. छोट्याला वेळ लागतो. मी तीस वर्षं हेच बघितलंय."

त्यांनी घड्याळ लावून तो वेळ मोजलाही होता. चौकटीत लिहिलं होतं: स्थिरावण्याचा काळ सरासरी पंधरा मिनिटे, चूक अधिक-उणे अर्धा मिनिट. टीव्हीवर भाव वर गेलेला दिसला की सरावाच्या पानावर जुन्या भावात घ्यायचं, पाव तासाने विकायचं. खातं फुगत चाललं होतं. मला त्यातलं काडीचं कळत नव्हतं, पण फुगत होतं हे दिसत होतं. आणि नवऱ्याने काही शोधून काढलं तर कोणत्या बायकोला बरं वाटत नाही?

त्याच सुमारास माझे डोळे गेले. म्हणजे जायला लागले. छापखान्यात एका चिठ्ठीत 'दिवसातून' नंतरचा चुकलेला आकडा माझ्या नजरेतून सुटला आणि बाईंनी पकडला. बाईंनी नुसता माझा चष्मा पुसून दिला. मी दुसऱ्याच दिवशी डोळे दाखवायला गेले. डॉक्टरांनी तपासलं. आतला दाब वाढला होता आणि मागची नस सुकत चालली होती. गेलेली नजर परत येत नाही, म्हणाले, आहे ती जपायची. हे काम सोडा. सोडलंत आणि औषध वेळेवर घातलंत तर आयुष्यभर पुरेल. करत राहिलात तर दोन वर्षं, फार तर.

घरी येऊन मी ह्यांना अर्धंच सांगितलं. काम सोडायला हवं म्हणतात, एवढं. दोन वर्षांचं गिळून टाकलं.

काम सोडायचं म्हणजे काय, ते आम्ही दोघांनी मिळून हिशेबाला बसून पाहिलं. ह्यांचे एकरकमी पैसे आमच्या निम्म्या म्हातारपणाला पुरत होते. उरलेलं निम्मं माझ्या पगारात होतं, म्हणजे माझ्या डोळ्यांत.

"सरावाच्या खात्यात दीड वर्षात दुप्पट झाले," हे हळूच म्हणाले.

वहीच्या दुसऱ्या पानावर ह्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: गरजेचा पैसा बाजारात घालू नये. धडा पहिला, परिच्छेद तिसरा. मी ते बोट ठेवून दाखवलं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण हा अपुरा पैसा आहे. गरजेला पुरतच नाही, तर गरजेचा कसा?"

मी वहीवरचं बोट उचललं. मला खरं तर ते बरोबर निघायला हवे होते. रोज सकाळी डोळे उघडल्यावर मी पहिल्यांदा छताचा कोपरा शोधायचे, कालच्याएवढा स्पष्ट दिसतो का बघायला. त्या कोपऱ्यासाठी मी कशावरही विश्वास ठेवला असता.

हे मात्र नियमाचे पक्के. म्हणाले, माझ्या एकट्याच्या तपासणीवर मी तुझ्या डोळ्यांचे पैसे लावणार नाही. पडताळणी तू करायचीस. तुझ्या नजरेतून आजवर काही सुटलं नाही. त्यांनी एक कागदच तयार केला. वर 'पडताळणी अहवाल', खाली पद्धत, मग एक्केचाळीस चाचण्या, त्यातल्या अडतीस यशस्वी, आणि तळाशी दोन सह्यांच्या ओळी. मी घरी असताना बाजार चालू हवा, म्हणून दिवस ठरला तो माझ्या डोळे तपासणीच्या रजेचा. सकाळी दवाखाना, दुपारी पडताळणी.

दवाखान्यात बाहुल्या मोठ्या करायचं औषध घालतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. चार-पाच तास जवळचं काही दिसत नाही. ते उतरेल म्हणून मी धरून चालले होते. उतरलं नाही. ह्यांनी मला संगणकासमोर खुर्चीत बसवलं, उजेड टोचू नये म्हणून पडदा ओढला, आणि चाचणी सुरू केली. टीव्हीवर भाव चढला. ह्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. सरावाच्या पानावर जुना भाव होता, तोही वाचून दाखवला. घेतलं. पाव तास आम्ही चहा पीत बसलो. विकलं. हिरवं काहीतरी चमकलं. ह्यांनी टाळी वाजवली, एकच, लहान. त्या पानाच्या तळाशी मला एक करडी रेघ दिसत होती. मला वाटलं, पानाची किनार असेल.

"दिसतंय ना सगळं?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून हा प्रश्न दहाव्यांदा येत होता. दिसतंय का, पायरी दिसतेय का, कप दिसतोय का. आणि ह्यांचा चेहरा मला धूसर दिसत होता, तरी तो किती खुलला होता ते कळत होतं.

"दिसतंय," मी म्हटलं आणि सही केली. नोकरीच्या एकतीस वर्षांत न वाचता केलेली ती माझी एकुलती एक सही.

पुढच्या आठवड्यात खरं खातं उघडलं.

पहिल्याच दिवसापासून काहीतरी बिनसलं. खऱ्या खात्यातला भाव टीव्हीबरोबरच पळायचा, मागे राहायचाच नाही. हे म्हणाले, खऱ्या पैशाचा काटा जरा लवकर स्थिरावतो, हात चपळ हवा. मग ते सरावाचं पान बघून ठरवायचे आणि खऱ्या खात्यात घ्यायचे. सरावाच्या पानावर तोच शेअर पाव तासात वर जायचा, ठरल्याप्रमाणे. खऱ्या खात्यात तो होता तिथेच बसायचा, नाहीतर खाली यायचा. वर प्रत्येक व्यवहारामागे दलालाचं कमिशन जायचं, ते वेगळंच.

हसऱ्या सरांचा एक व्हिडिओ होता, सरावात जिंकणारे खऱ्या बाजारात का हरतात यावर. भीतीमुळे, म्हणाले सर. हात थरथरतो, अर्धा क्षण जातो, संधी निसटते. ह्यांनी तो व्हिडिओ तोंडपाठ केला. सकाळी उठून लांब श्वास घ्यायला लागले. बोटांचे व्यायाम करायला लागले. जेवताना मध्येच थांबून स्वतःचा उजवा हात बघायचे.

"माझाच हात चुकतोय," ते म्हणायचे. "पद्धत बरोबर आहे. पद्धत तू पडताळलीयेस."

पाच महिने हे चाललं. मी छापखान्यात चिठ्ठ्या वाचत होते, मोठ्या भिंगातून. बाई माझ्या वाटणीतल्या दोन-तीन रोज गुपचूप ओढून घेत होत्या. घरी मी ह्यांना विचारत नव्हते आणि हे सांगत नव्हते. विचारलं असतं तर त्यांना आकडा सांगावा लागला असता, आणि मग त्यांनीही मला माझा विचारला असता.

मग माझ्या सुटीच्या दिवशी हे माझे थेंब आणायला औषधाच्या दुकानात गेले. मला डोळ्यांचा अहवाल छापायचा होता, म्हणून संगणकासमोर बसले. सरावाचं पान उघडंच होतं. माझी नजर सवयीने तळाशी गेली. करडी रेघ. मी भिंग काढलं. रेघ नव्हती, अक्षरं होती, आमच्या चिठ्ठीतल्यांपेक्षाही बारीक.

'या पानावरील भाव पंधरा मिनिटे उशिराने दाखवले जातात. हे खाते केवळ सरावासाठी आहे.'

वाक्यात चूक नव्हती. पूर्णविरामसुद्धा जागच्या जागी होते. मी ते दोनदा वाचलं तेव्हा कुठे अर्थ लागला. छोटा काटा असा काही नव्हताच. होता एकच काटा, आणि सरावाच्या पानावर त्याचं पाव तासापूर्वीचं चित्र. टीव्हीवर आजचा भाव बघून हे पाव तास जुन्या भावात घेत होते. तसं तर मीही जिंकले असते. कोणीही जिंकलं असतं. वही शेजारीच होती, आणि चौकटीत पंधरा मिनिटे लिहिलेलं होतं, अधिक-उणे अर्धा मिनिट. ह्यांनी बरोबर मोजलं होतं.

हे आले, तेव्हा मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि बोट ठेवलं.

ते वाचत होते तोवर मी त्यांच्याकडे बघत होते. आधी चेहऱ्यावरचा ताण सुटला. खरंच सुटला, पाच महिन्यांनी.

"म्हणजे माझा हात चुकत नव्हता," ते म्हणाले.

"नव्हता."

मग त्यांनी वही घेतली आणि पहिल्या चाचणीपासून बघायला लागले. तिसऱ्या की चौथ्या पानावर थांबले. वही मिटली, थेंबांची बाटली खिशातून काढून टेबलावर ठेवली, तिचं झाकण घट्ट आहे का ते बघितलं.

"म्हणजे मला काही येतच नव्हतं," ते म्हणाले. "दोन वर्षांत एकदासुद्धा."

नाही म्हटलं असतं तर खोटं झालं असतं.

"पण तू तर वाचलं होतंस," ते म्हणाले.

इथे मला एक वाट होती. वाचलं होतं पण निसटलं, असं म्हणता आलं असतं. माणसाच्या हातून निसटतं. पण मग त्यांना वाटलं असतं की माझे डोळे तेव्हाच इतके गेले होते.

"नव्हतं वाचलं," मी म्हटलं. "औषध उतरलं नव्हतं. मला काही दिसत नव्हतं त्या दिवशी."

"मग सही का केलीस?"

"तुम्ही खूश होता म्हणून."

ते रागावतील असं मला वाटलं. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता मला येतं. त्यांनी कपाटातून तो अहवाल काढला, त्यावर जरा वेळ अंगठा फिरवला आणि माझ्यासमोर ठेवला. माझी सही ओळीवर नव्हतीच. ओळीच्या बोटभर खाली सुरू होऊन कागदाच्या कडेकडे उतरत गेली होती.

"हे मी तेव्हाच बघितलं होतं," ते म्हणाले. "सही खाली गेलीये ते. कामावर असतो तर असा कागद मी परत पाठवला असता."

"मग बोलला का नाहीत?"

"परत तपासायला लागलं असतं." ते खुर्चीत बसले. "आणि काही निघालं असतं तर?"

मी तो कागद उलटा करून ठेवला. मग ह्यांनी खरं खातं उघडलं, होतं नव्हतं ते विकलं आणि जे उरलं ते मला वाचून दाखवलं. माझ्या सात महिन्यांच्या पगाराएवढं होतं. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर रेघ मारली आणि पेन तसंच हातात धरून ठेवलं.

"डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?" त्यांनी विचारलं. "हे काम करत राहिलीस तर किती वर्षं?"

दोन वर्षांतले सहा महिने केव्हाच सरले होते. ते लिहायला थांबले होते. समोरच्या भिंतीवरचं काहीतरी मला दिसत नव्हतं. तिथे काय असतं, ते मला आठवून बघावं लागलं.

"लागतील तेवढी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, तेवढंच लिहून घेतलं, आणि उद्याच्या माझ्या डब्याला काय करू, ते विचारलं.